अनुभव तिने सांगायचा, अर्थ आपण लावायचा?

गेल्या वर्षी आमच्या गटाने एक ऑनलाइन परिसंवाद घेतला. विषय होता मुस्लिम स्त्रियांचं शिक्षण आणि रोजगार. पोस्टर मी केलं होतं. रंग छान जमले होते, अक्षरंही. चार वक्ते, चौघेही पुरुष. खाली बारीक टायपात दोन ओळी, सूत्रसंचालन आणि आभार. त्या दोन ओळींत मात्र बायकांची नावं होती. त्यातलं एक माझ्या खालाच्या मुलीचं. तिला घरात सगळे आपा म्हणतात.

आपाने समाजशास्त्रात पीएच.डी. केली आहे. मालेगावच्या यंत्रमागाच्या वस्त्यांत ज्या बायका घरी बसून कांड्या भरतात, त्यांच्या मजुरीवर. पाच वर्षं ती गल्लीगल्लीतून फिरली. कुणाच्या हातात पैसे येतात, कुणाच्या नावावर काम लिहिलं जातं, मुलगी शाळेतून कोणत्या इयत्तेत काढली जाते आणि का, हे सगळं तिने वहीत उतरवलं. म्हणजे त्या दिवशी पडद्यावर दिसणाऱ्या माणसांत विषयाचा सर्वांत जास्त अभ्यास तिचा होता. आणि ती बोलली काय? ‘आता मी पुढच्या वक्त्यांना विनंती करते.’ चार वेळा.

कार्यक्रम छान झाला हे सांगायला मी रात्री तिला फोन केला. ती हसली आणि म्हणाली, ‘भाई, अपने सारे प्रोग्राम एक बार गिन के देख.’

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. मोजायला सांगितलं की बरं वाटतं. मागच्या कार्यक्रमांची पोस्टर्स काढली, एक्सेलमध्ये नावं टाकली आणि प्रत्येक नावापुढे ती व्यक्ती कशासाठी आली होती ते लिहिलं. बायका अगदीच नव्हत्या असं नाही. होत्या. पण त्या स्वागताला होत्या, सूत्रसंचालनाला होत्या, आभाराला होत्या. आणि ‘मनोगत’ नावाचा एक भाग असतो, त्यात होत्या. तलाक मिळालेली एखादी बहीण, बारावीला पहिली आलेली एखादी मुलगी. पुरुषांच्या नावापुढे मात्र ‘मार्गदर्शन’ लिहिलेलं. बायकांचं मनोगत, पुरुषांचं मार्गदर्शन. मार्गदर्शनाच्या रकान्यातल्या बायका एका हाताच्या बोटांवर मोजून झाल्या, आणि बोटं उरली.

आपला गट सुधारणेची भाषा बोलतो, म्हणून हे जास्त लागलं. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत काढला, हे आपल्यापैकी बहुतेकांना तारखेसकट पाठ आहे. त्या सात जणींची नावं किती जणांना सांगता येतील? मला येत नव्हती.

मनोगताला मी कमी लेखत नाही. शर्मिला रेगे या पुण्याच्या समाजशास्त्रज्ञ. त्यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर जे काम केलं, त्याचं सारच हे आहे की बाईने सांगितलेलं आयुष्य ही नुसती तिची खासगी कैफियत नसते, तो समाजाच्या इतिहासाचा पुरावा असतो. माझा आक्षेप वेगळा आहे. आपण बाईकडून फक्त दुःख घेतो आणि त्या दुःखाचं कारण सांगायला दुसऱ्याला उभं करतो. ते कारण शोधण्यात जिने आयुष्य घातलं अशी बाई त्याच गावात असली तरी.

याने नुकसान काय होतं, ते एका उदाहरणाने सांगतो.

शाहबानो प्रकरण सगळ्यांना माहीत आहे, निदान तसं वाटतं. इंदूरची म्हातारी बाई, महिना १७९ रुपये २० पैसे पोटगी, १९८५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, मग १९८६ चा कायदा. ‘त्या कायद्याने मुस्लिम बाईची पोटगी काढून घेतली’, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. टीव्हीवर ऐकलं, मोहल्ल्यात ऐकलं, आमच्याच व्यासपीठावरही ऐकलं. पण गोष्ट तिथे संपत नाही. त्या कायद्यात ‘वाजवी आणि न्याय्य तरतूद’ असे शब्द होते. त्यांच्या आधारे काही उच्च न्यायालयांनी तलाक मिळालेल्या बायकांना एकरकमी पैसे द्यायला लावले. पुढे २००१ मध्ये डॅनियल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच पक्कं केलं. इद्दतीच्या मुदतीत नवऱ्याने बायकोच्या पुढच्या आयुष्याची सोय लावली पाहिजे, फक्त त्या तीन महिन्यांची नव्हे. हे डॅनियल लतीफी म्हणजे शाहबानोचे वकील. आणि २००२ च्या शमीम आरा निकालाने सांगितलं की तलाकला वाजवी कारण हवं, आधी समेटाचा प्रयत्न झालेला हवा. नुसतं ‘मी तलाक दिला’ असं कोर्टात लिहून दिल्याने तो सिद्ध होत नाही.

हे सगळं मुंबईच्या फ्लेविया ॲग्नेस वर्षानुवर्षं लिहीत आल्या आहेत. त्या स्त्रियांच्या हक्कांच्या वकील आणि अभ्यासक, ‘मजलिस’ या संस्थेच्या संस्थापक. त्यांचं म्हणणं साधं आहे: मुस्लिम बाईला काहीच हक्क नाही असं ओरडून सांगितल्याने तिला हक्क मिळत नाही, उलट असलेला हक्क ती मागायला जात नाही. आता विचार करा. मालेगावात किंवा मिरजेत तलाक मिळालेली एखादी बाई. तिला भाऊ सांगतो, ‘आपल्यात पोटगी नसते, कोर्टात जाऊन काय करणार?’ हे तो कुठे शिकला? रात्री नऊच्या चर्चेत. त्या चर्चेत एक दाढीवाले मौलाना होते, एका पक्षाचा प्रवक्ता होता, आणि एक रडणारी बाई होती. ज्या बाईने हे निकाल वाचले होते, तिला फोन गेला नव्हता. आणि इकडे बहिणीचे पैसे बुडाले.

२२ ऑगस्ट २०१७ ला तिहेरी तलाकचा निकाल लागला, तेव्हा पाच धर्मांचे पाच न्यायमूर्ती बसले होते म्हणून कौतुक झालं. पाचातली एकही स्त्री नव्हती, याची चर्चा कमी झाली. सच्चर समितीचंही तसंच. तिचा २००६ चा अहवाल मी आजही लोकांना वाचायला देतो, त्याने आपल्या प्रश्नांना पहिल्यांदा आकडे दिले. पण समितीचे सातही सदस्य पुरुष होते. स्त्री संघटनांनी तेव्हा हा मुद्दा काढला होता.

अभ्यास केलेल्या स्त्रिया मिळाल्या नाहीत म्हणून असं झालं का? सच्चर अहवालाच्या दोन वर्षं आधी, २००४ मध्ये, झोया हसन आणि रितू मेनन यांचं ‘अनइक्वल सिटिझन्स’ हे पुस्तक आलं होतं. झोया हसन तेव्हा जेएनयूत राज्यशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. दोघींनी १२ राज्यांतल्या ४० जिल्ह्यांत साडेनऊ हजारांहून जास्त मुस्लिम आणि हिंदू स्त्रियांची पाहणी केली. मुस्लिम बाई मागे का, तर सगळं उत्तर धर्मात शोधू नका; घरची गरिबी, शाळा किती लांब आहे, तुम्ही उत्तरेत राहता की दक्षिणेत, हे बघा, असं त्यांचे आकडे सांगत होते. २०१५ मध्ये भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या झकिया सोमण आणि नूरजहाँ सफिया नियाज यांनी दहा राज्यांतल्या ४,७१० मुस्लिम बायकांना विचारलं, ९२.१ टक्के बायकांना तोंडी तिहेरी तलाक बंद व्हायला हवा होता. या पाहणीच्या पद्धतीवर वाद घालता येतो, घालावाही. पण तो वाद घालायलाही त्यांना समोर बसवावं लागेल ना?

घरचं उदाहरण घेऊ. रझिया पटेल हे नाव आपल्या चळवळीत सगळे आदराने घेतात. १९८२ साली जळगावात मुस्लिम बायकांना सिनेमाबंदी झाली, तिच्याविरुद्ध उभी राहिलेली मुलगी. ‘चाहूल’मध्ये त्यांनी ते लिहिलं आहे. पण पुढे त्यांनी पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमध्ये अल्पसंख्याकांच्या शिक्षणावर कित्येक वर्षं संशोधन केलं, ते किती जणांना ठाऊक आहे? सिनेमाबंदीची आठवण सांगायला सगळे बोलावतील. आठवीनंतर मुली शाळेतून का गळतात, हे विचारायला किती जण बोलावतील?

हे फक्त आपल्या समाजात होतं असंही नाही. इरावती कर्वे म्हटलं की पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई आठवते, फार तर ‘युगान्त’. भारतातल्या नातेसंबंधांच्या रचनेवर १९५३ साली त्यांनी लिहिलेला मोठा ग्रंथ मानववंशशास्त्राच्या वर्गाबाहेर कुणी उघडत नाही. जगभरच्या माध्यमांची दर पाच वर्षांनी एक मोजणी होते. २०२० मध्ये ११६ देशांतल्या बातम्या तपासल्या, तेव्हा तज्ज्ञ म्हणून ज्यांचं मत घेतलं त्यांत स्त्रिया होत्या २४ टक्के. त्याआधीच्या खेपेला १९ टक्के होत्या.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट. आमच्याकडे फीडबॅक लूप म्हणतात, मराठीत त्याला दुष्टचक्र असा जुना शब्द आहे. बातमीदाराला संध्याकाळी सहाला तज्ज्ञ हवा असतो. तो गूगल करतो. ज्याचं नाव आधी छापून आलंय, ते वर येतं. तो त्यालाच फोन करतो. नाव पुन्हा छापून येतं, आणखी वर जातं. विकिपीडियाचंही तेच. तिथे लेख राहायचा तर ‘उल्लेखनीयता’ दाखवावी लागते, म्हणजे मुख्यतः दुसऱ्या कुणीतरी त्या व्यक्तीबद्दल लिहिलेलं असावं लागतं. वर्तमानपत्राने विचारलंच नाही तर संदर्भ कुठून आणायचे? आणि विकिपीडियावर पान नाही म्हणून वर्तमानपत्र विचारत नाही. फ्रान्सेस्का त्रिपोदी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०२१ मध्ये दाखवून दिलं की इंग्रजी विकिपीडियावर निकषांत बसणाऱ्या स्त्रियांचे लेखसुद्धा पुरुषांच्या तुलनेत जास्त वेळा ‘उल्लेखनीय नाही’ म्हणून काढून टाकायला सुचवले जातात. यात कुणी खलनायक बसलेला नाही. यंत्र आहे, ते जसं बांधलंय तसं चालतं. म्हणूनच ते बदलताही येतं, असं मला वाटतं.

बीबीसीच्या एका कार्यक्रमाने २०१७ मध्ये ते बदललं. निवेदक रॉस ॲटकिन्स. त्यांच्या टीमने रोज कार्यक्रम संपला की दोन मिनिटं मोजायचं ठरवलं: आज किती बाया, किती बुवे. नियम शहाणे होते. पंतप्रधान पुरुष असेल तर तो बातमीच आहे, त्याला धरायचं नाही. ज्यांना आपण निवडून बोलावतो तेवढेच मोजायचे. आणि पाहुणा उत्तम असलाच पाहिजे, आकडा भरायला कुणाला आणायचं नाही. सुरुवातीला ३९ टक्के स्त्रिया निघाल्या, चार महिन्यांत निम्म्याच्या पुढे गेल्या. कुणी भाषण ठोकलं नाही, फक्त रोज आकडा समोर ठेवला.

आमच्या बैठकीत मी हे मांडलं तेव्हा पहिलं उत्तर आलं, ‘आम्ही बोलावतो, त्याच येत नाहीत.’ खरं आहे, पुष्कळदा येत नाहीत. पण आपण बोलावतो कसं? तीन वक्ते ठरतात, कुणीतरी म्हणतं ‘एक तरी लेडीज पाहिजे’, मग आदल्या दिवशी फोन जातो. अभ्यास असलेली व्यक्ती विचारते, नेमका मुद्दा कोणता, आकडे तपासायला वेळ मिळेल का. आम्हा पुरुषांना ‘येतो’ म्हणायला अर्धं मिनिट पुरतं. मी स्वतः एकदा वक्फच्या कायद्यावर बोलून आलोय, आणि माझी पदवी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची आहे.

आपालाही एकदा एका वाहिनीचा फोन आला होता. माझ्याच ओळखीतून. ती खूश झाली, मजुरीचे तक्ते काढून बसली. पलीकडून विचारलं, ‘मॅडम, तुम्ही स्वतः तलाकपीडित आहात का?’ नाही म्हटल्यावर, ‘मग बुरख्यावर बोलाल का?’ तिने सांगितलं, मी बायकांच्या कामावर बोलेन. ते परत फोन करतो म्हणाले. वाट बघतेय अजून, असं ती गमतीने सांगते.

दुसरी गोष्ट गमतीत सांगता येत नाही. जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि १ जानेवारी २०२२ ला ‘बुल्ली बाई’. बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या मुस्लिम बायकांचे फोटो उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडणारी ॲप्स. दोन्ही गिटहबवर ठेवलेली. गिटहब मी रोज सकाळी उघडतो, माझं पोट त्यावर आहे. पुढे अटक झालेल्यांत इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते. म्हणजे माझ्याच शाखेची पोरं. तेव्हापासून ‘बहिणींनो, पुढे या’ असं म्हणताना माझी जीभ अडखळते. पुढे येण्याची किंमत तिने द्यायची आणि आपण पोस्टर फॉरवर्ड करायचं, हा सौदा मला बरोबर वाटत नाही. त्याच आठवड्यात आपाने फेसबुकवरचा स्वतःचा फोटो काढून टाकला. खालाने सांगितलं होतं म्हणून नाही, तिला स्वतःलाच वाटलं म्हणून. तिला भित्री म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या बहिणीचा फोटो त्या यादीत बघावा आणि मग बोलावं.

तर आम्ही काय सुरू केलंय, ते सांगतो. फार नाही. एक यादी करतोय, जिल्ह्यावार. नाव, विषय, कोणत्या भाषेत बोलायला आवडेल, किती दिवस आधी कळवायला हवं. फोन नंबर यादीत नाही, तो एकीकडेच राहील, आणि तिथून विचारूनच पुढे जाईल. ‘शोधगंगा’ नावाची सरकारी वेबसाइट आहे, देशभरच्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. त्यात महाराष्ट्रातल्या मुस्लिमांवर स्त्रियांनी केलेले प्रबंध शोधायचे, त्यांना पत्र लिहायचं, आणि त्यांच्या परवानगीने दोन पानी मराठी सार काढायचं. या कामाला वाचणारी पोरं-पोरी हवीत; इंग्रजी येत असेल आणि रविवारचे दोन तास असतील तर कळवा. मानधन सगळ्यांना सारखं. पूर्वी वकीलसाहेबांना पाकीट आणि बाईंना पुस्तक-गुलाब असायचं, हे लिहिताना लाज वाटते. गाडीभाडं सोबत येणाऱ्याचंही. ऑनलाइन कार्यक्रमात घाणेरडी कमेंट आली तर ती काढायला एक माणूस बसलेला असेल. ते काम मी घेतलंय.

आणखी एक छोटी गोष्ट. २०१८ साली दहा देशांतल्या अडीचशेच्या आसपास शैक्षणिक व्याख्यानांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. श्रोत्यांतली बाई प्रश्न विचारण्याची शक्यता पुरुषापेक्षा अडीच पट कमी होती. पण पहिला प्रश्न पुरुषाने विचारला तर बायका आणखी गप्प बसायच्या, पहिला बाईने विचारला तर फरक कमी व्हायचा. आता आम्ही पहिला प्रश्न मुलींकडून घेतो. याला एक रुपया लागत नाही. गेल्या दोन्ही वेळा पहिला हात वर यायला वेळ लागला, शांतता अवघड वाटली, दोन काकांनी माईककडे हातही केला. थांबलो.

आणि विषय. मुस्लिम अभ्यासक बाई म्हणजे तलाक, बुरखा, बहुपत्नीत्व, हे आधी आपल्या डोक्यातून जायला हवं. यादीतल्या बायकांपैकी कुणी घरांच्या प्रश्नावर काम करते, कुणी नगरपालिकेच्या बजेटवर. त्यांना त्यावरच बोलवायचं. बजेटवर बोलणारी बाई हिजाब घालते की नाही, हा प्रश्न सूत्रसंचालकाने विचारायचा नाही. हो, सूत्रसंचालन आता वकीलसाहेब करतात. त्यांना ते बरं जमतं, वेळेचं भान आहे.

पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमाचं पोस्टर काल आपाला पाठवलं. विषय तिनेच दिलाय, यंत्रमागाचं वीजबिल आणि घरातल्या बाईची मजुरी. पंचेचाळीस मिनिटं तिची, नंतर प्रश्न. तिने तीन दुरुस्त्या सांगितल्या. ‘प्रा.’ काढा, मी अजून तासिका तत्त्वावर आहे, ‘डॉ.’ चालेल. शीर्षकातला ‘व्यथा’ शब्द काढा. आणि फोटो नको, नाव मोठं करा.